सांडव्यातला बांबू

पाणी तलावाच्या पाळीच्या माथ्याला टेकलं तेव्हा मी सांडव्यात मांडीएवढ्या पाण्यात उभी होते आणि पाच वर्षांपूर्वी मीच लावलेल्या बांबूवर कुऱ्हाड घालत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पाऊस आदल्या सकाळपासून थांबला नव्हता.

बांबू काटेरी. आमच्याकडे त्याला कटंग म्हणतात. त्याची अकरा बेटं सांडव्याच्या तोंडावर एका रांगेत. वरच्या शेतांतून उपटून आलेलं सोयाबीन, जलकुंभी, प्लास्टिकच्या थैल्या, कोणाची तरी मोडकी खाट, सगळं त्या काट्यांत अडकलं होतं आणि त्याची भिंत झाली होती. पाण्याला जायला वाट नव्हती, म्हणून ते पाळीवर चढत होतं. पाळ मातीची. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं की ती किती वेळ टिकेल हे कोणी सांगू शकत नाही. पाळीच्या खाली एकोणीस घरांची वस्ती.

माझ्याबरोबर दोघं होती. भेरूलालजी, वय सत्तरच्या वर, जन्मभर याच तलावाचं पाणी गावाच्या शेतांना सोडत आलेले. आणि रामकुंवर, माझ्या नर्सरीतली सगळ्यात जुनी बाई. तिचं घर त्या एकोणीस घरांतलं, नाल्याला सगळ्यात जवळचं.

भेरूलालजी मधल्या बेटाशी होते. त्यांच्या कमरेला दोर, दोराचे दोन वेढे काठावरच्या लिंबाला, टोक रामकुंवरच्या हातात. मी काठाजवळच्या बेटाशी, कारण मला पोहता येत नाही.

"जीजी, थारा बांस थारा सरीखा जिद्दी हे," रामकुंवर वरून ओरडली.

"बात मत कर, रस्सी पकड," मी म्हटलं.

भेरूलालजींनी मला त्या दिवशी एका शब्दाने बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, "बई, जड़ पे मत मार. कमर से काट, बाकी पाणी खुद खींच लेगा."

मग मधलं बेट हललं. त्याची मुळं गाळात होती, खाली धरायला काही नव्हतं. मागे अडकलेला सगळा ढीग घेऊन ते मुळासकट निघालं. भेरूलालजी दिसेनासे झाले आणि रामकुंवरच्या हातातून दोर सरसर जायला लागला.

हे कसं घडलं ते कळायला आधी माझं काम काय होतं ते सांगायला पाहिजे.

माझे आजोबा संस्थानच्या बागेत माळी होते. त्यामुळे मराठी घरात इंदूरला जन्म, शाळा चौथीपर्यंत, आणि हात मातीत. लग्न होऊन इंदुरातच मल्हारगंजात आले तिथे अंगण नव्हतं, गच्ची होती. गच्चीवर रोपं करून बडा गणपतीच्या रस्त्यावर विकायचे. तिथून एका संस्थेने मला उचललं. त्यांना गावोगावी नर्सऱ्या चालवायला बाई पाहिजे होती, आणि शिकलेल्या बायका उन्हात बसायला तयार नव्हत्या. मी वीस वर्षं हे काम केलं.

संस्थेच्या फायलीत या कामाला लांब इंग्रजी नाव आहे. मला विचाराल तर काम एवढंच की लोक जे सिमेंटने करतात ते गवताकडून, झाडाकडून आणि चिखलाकडून करून घ्यायचं. पाऊस आता पूर्वीसारखा येत नाही. आधी महिनाभर तोंड दाखवत नाही, मग महिन्याचा एका दिवसात टाकून जातो. त्याला आवरायला भिंत बांधली तर पाणी भिंतीला धरून जोरात पुढच्या गावात जातं. गवत लावलं तर पाणी अडखळतं, गाळ टाकतं, थोडं जिरतं, आणि उरलेलं सावकाश जातं. सावकाश जाणारं पाणी कोणाचं घर पाडत नाही.

आमचं मुख्य गवत वाळा. हिंदीत खस. लोकांना वाटतं तो फक्त वासासाठी आणि कूलरसाठी असतो. वाळ्याचं मूळ बाजूला पसरत नाही, सरळ खाली जातं, माणसाच्या उंचीहून खोल. जुना गड्डा फोडून त्याचे फुटवे वेगळे करायचे, वरचं पान वीतभर ठेवून कापायचं, आणि उताराला आडव्या ओळीत चार-चार बोटांवर लावायचं. चार बोटं म्हणजे चार बोटं. बायका पहिल्यांदा हातभर अंतर सोडतात, काम लवकर उरकतं म्हणून. मी ती ओळ उपटून पुन्हा लावायला लावायचे. त्यामुळे माझं नाव चांगलं नव्हतं.

पाळीवर मोठं झाड लावायचं नाही, हेही सांगते. दिसायला छान दिसतं. पण झाड मेलं की मूळ कुजतं, मुळाच्या जागी पोकळी राहते, आणि पाणी त्या पोकळीतून आतल्या आत पाळ खातं. हे मला माहीत होतं. म्हणजे मी अडाणी म्हणून चुकले असं कोणी समजू नये.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. शहरातल्या नाल्याकाठी करंज आणि जांभळं लावत होतो तर एक बाई खाली येऊन म्हणाल्या, "पानं न गळणारं झाड नाही का? आमच्या गाड्या खराब होतात." मी म्हटलं, प्लास्टिकचं घ्या. त्यांनी तक्रार केली. दुसरा एक मल्हारगंजातला कूलरवाला. आमच्या तलावाच्या पाळीवर वाळा दाट झाला तेव्हा तो थेट देपालपूरच्या रस्त्याने छोटा टेम्पो घेऊन गावात आला.

"अम्माजी, नीचे से जड़ निकाल लेता हूँ, ऊपर की घास आपकी," तो म्हणाला.

"भिया, तेरे घर की नींव दे दे, ऊपर का मकान तू रख ले," मी म्हटलं.

तो हसला. टेम्पो मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होता, मी उठून जाते का बघत. मी उठले नाही.

हा तलाव म्हणजे तोच, भेरूलालजींचा. देपालपूरकडे जाताना डावीकडे एक गाव लागतं, नाव लिहीत नाही. तलाव जुना, पाळ खचलेली. संस्थेने आम्हाला तीन वर्षं दिली. वरून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी पाणकणीस लावायचं, म्हणजे घाण तिथेच थांबते. पाळीच्या बाहेरच्या उतारावर वाळा. आणि पाळीच्या पायथ्यापासून लांब, शेताच्या कडेला, बांबू.

वाळा लागला. पाणकणीस लागलं, ते कुठेही लागतं. बांबू मेला. पहिल्या वर्षी शेळ्यांनी खाल्ला, दुसऱ्या वर्षी उन्हाने. आमचे साहेब तेव्हा देशपांडे, पुण्याहून आलेले, तिशीचे, मनाने चांगले. त्यांना दर सहा महिन्यांनी जिवंत रोपांचे फोटो वर पाठवावे लागत. मोबाइल फोटोबरोबर जागाही लिहितो, त्यामुळे एकाच झाडाचे दहा फोटो चालत नाहीत.

"मावशी, बांबूचं काय करायचं? सगळीकडे लाल दिसतंय," ते मोबाइल दाखवून म्हणाले.

"लाल म्हणजे मेलं?"

"लाल म्हणजे मेलं."

नर्सरीत माझ्याकडे कटंगची रोपं उरली होती. पिशवीत मुळं गोल गोल फिरायला लागली होती. त्या पावसात जमिनीत गेली नसती तर संपली असती. इथे मी एक गोष्ट कबूल करते, नर्सरी चालवणारं कोणीही कबूल करेल. आम्हाला रोप फेकता येत नाही. बी टाकल्यापासून ज्याला रोज पाणी घातलं ते उकिरड्यावर टाकायला हात उठत नाही. रोपाला कुठे बरं वाटेल एवढंच तेव्हा दिसतं. बाकीचं जग दिसत नाही.

मी तलावाभोवती फिरून जागा बघितली. सगळीकडे मुरूम आणि दगड. एकच जागा मऊ होती, ओली होती, कुंपणाच्या आत होती म्हणून शेळीही येत नव्हती. ती म्हणजे सांडवा.

सांडवा म्हणजे तलावाचं पाणी जास्त झालं की बाहेर जायची वाट. पाळीच्या एका टोकाला ती जरा खाली ठेवलेली असते. तलाव भरला की तिथून पाणी रुंद आणि पातळ पसरून वाहतं. आमच्याकडे त्याला चादर चालली म्हणतात. त्या गावात चादर बऱ्याच वर्षांत चालली नव्हती. तलाव अर्धा भरला तरी लोक नारळ फोडत. सांडव्यात गाळ साचून छान काळी माती झाली होती.

मी आणि रामकुंवर खड्डे घेत होतो तेव्हा भेरूलालजी आले. काठीवर हात ठेवून बघत राहिले.

"बई, यां मत लगाव. यो पाणी को रस्तो हे."

"कौनसा पाणी, भेरूलालजी? कितने साल से चादर नहीं चली?"

"नी चली." त्यांनी विचार केला. "पाछला दरवाजा रोज नी खुले. तो कोई वां भींत चुणे कई?"

घराचं मागचं दार रोज उघडत नाही म्हणून तिथे कोणी भिंत बांधतं का, असं ते विचारत होते. मला समजलं. मी म्हटलं, "बांबू आहे, भिंत नाही. पाणी आलं तर वाकेल." हिंदीत म्हटलं, पण म्हटलं हेच. रामकुंवर माझ्याकडे बघायला लागली. ती त्या गावची, तिलाही माहीत होतं. पण मी तिची मुकादम होते आणि ओळी उपटायला लावणारी बाई होते. तिने खड्डा घेतला.

भेरूलालजी पुन्हा काही बोलले नाहीत.

बांबू असा लागला की काय सांगू. दोन वर्षांत डोक्यावर, चार वर्षांत एकेका बेटाला मिठी मारता येईना. साहेबांच्या मोबाइलवर अकराच्या अकरा हिरवे. त्या बेटांचा फोटो संस्थेच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला. गावातली मुलं-माणसं तिथे उभी राहून फोटो काढून घ्यायची. संस्थेची तीन वर्षं संपली तरी मी महिन्यातून एकदा तिकडे जायचे, आणि खरं सांगते, पाळीपेक्षा जास्त वेळ बांबूजवळ उभी राहायचे.

तो पाऊस लागला तेव्हा मी गावातच होते. नवीन फुटवे काढायचे म्हणून आदल्या दिवशी रामकुंवरकडे मुक्कामाला गेले होते. सकाळी भेरूलालजी दारात आले, अंगावर खताच्या पोत्याची खोळ.

"चादर नी चली री," ते म्हणाले. "तलाव भरी गयो, ने चादर नी चली री."

त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. मी साहेबांना फोन लावला. ते त्याच रस्त्यावर दुसऱ्या गावात होते. पुलावर पाणी होतं, गाडी टाकून चालत आले. त्यांना म्हटलं, तुम्ही पाळीकडे येऊ नका, तुमचा काही उपयोग नाही. वस्ती खाली करा. शाळा उंचावर आहे, तिथे सगळ्यांना न्या.

त्यांनी नेलं. नंतर ऐकलं की एका म्हातारीने जायला नकार दिला तेव्हा त्यांनी तिला खाटेसकट उचलायला लावलं आणि पुण्याच्या मराठीत रागावले. तिला एक शब्द कळला नाही, पण राग कळला. वस्तीतले पुरुष माणसं हलवण्यात गुंतले होते. रामकुंवरची सून आणि दोन नातवंडं पहिल्याच फेरीत वर गेली.

रामकुंवर मात्र आमच्याबरोबर आली. दोर तिच्या गोठ्यातलाच होता.

तर दोर जायला लागला. रामकुंवरने सोडला नाही. दोर तिच्या दोन्ही तळव्यांची कातडी घेऊन गेला, पण लिंबाभोवतीचे वेढे आवळले आणि थांबला. मी पाण्यातून वर आले आणि तिच्या मागे दोर धरला. आम्ही ओढत होतो असं म्हणणं बरोबर नाही, आम्ही फक्त धरून होतो. मधलं बेट गेल्यावर त्याच्या शेजारची दोन्ही गेली आणि पाण्याला एकदम वाट मिळाली. एवढं पाणी सांडव्यातून मी कधी बघितलं नव्हतं. काही वेळाने दोर ढिला झाला. मला वाटलं, संपलं. पण भेरूलालजी काठाच्या दगडाला लागले होते आणि स्वतःच दोर धरून वर सरकत होते. उजवा हात चालत नव्हता. खांद्यातून निखळला होता.

वर आल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, "पाळ देखो."

पाळीवरून पाणी गेलं होतं. जिथे वाळा दाट होता तिथे पानं खाली झोपली होती आणि माती जागच्या जागी होती. ज्या टोकाला एकदा मी आजारी असताना बायकांनी हातभर अंतरावर लावलं होतं, तिथे पाळ निम्मी कापली गेली होती. निम्मी राहिली. अर्ध्या तासात पाणी माथ्याखाली उतरलं.

पण सांडव्यातून सुटलेलं पाणी सावकाश गेलं नाही. अडवून ठेवलेलं पाणी सुटतं तेव्हा ते सावकाश जात नाही. ते नाल्याबाहेर पसरून वस्तीच्या खालच्या बाजूला शिरलं.

पुढच्या महिन्यात साहेबांनी अहवाल केला. मला वाचून दाखवला. वाळ्यामुळे पाळ वाचली असं त्यात होतं. ते खरंच होतं.

"बांबूचं कुठे आहे?" मी विचारलं.

"हे काय, मावशी. 'जागेच्या निवडीत सुधारणेस वाव आहे.'"

"म्हणजे काय?"

"म्हणजे बांबूच."

"मग बांबूच लिहा. आणि कोणी लावला तेही लिहा."

"नाव लिहायला अहवालात जागा नसते हो."

बांबूचं त्यांनी नीट लिहिलं, तेवढं त्यांच्या बाजूने सांगते. नाव नाही लिहिलं. म्हणून मी गावात चावडीवर उभी राहून सांगितलं की चूक माझी होती, भेरूलालजींनी मना केलं होतं आणि मी ऐकलं नाही. मग मागून एक जण म्हणाला, "जीजी, फोटो तो हम सब ने खिंचाए थे." लोक थोडे हसले. भेरूलालजी हात गळ्यात बांधून बसले होते. ते म्हणाले, "मैंने एक बार बोला. दूसरी बार नी बोला. वा म्हारी गलती."

उरलेली आठ बेटं आम्ही काढली. त्याला बांबू लावण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागले. पाळीचं कापलेलं टोक पुन्हा भरलं आणि चार-चार बोटांवर वाळा लावला. या वेळी कोणी अंतर सोडलं नाही, मला बघावंही लागलं नाही. त्यानंतर ज्या ज्या गावात काम केलं तिथे आधी पाणी सोडणारा जुना माणूस शोधला, आणि रोप उतरवायच्या आधी त्याला विचारलं की कुठे लावायचं नाही. काही ठिकाणी त्यामुळे रोपं उरली. मी ती फेकली.

अहवालात शेवटी एक रकाना होता, जीवितहानी. त्यात 'निरंक' असं लिहिलं होतं. रकान्यापुरतं ते बरोबर आहे. पण मी होते, म्हणून नीट लिहिते. एकोणीस घरांतली सगळी माणसं जगली. भेरूलालजी जगले, त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रामकुंवर जगली, मी जगले. रामकुंवरची म्हैस आणि तिचं पारडू मेलं. ती दावणीला बांधलेलीच राहिली, कारण सोडणारी बाई माझ्याबरोबर वर दोर धरून उभी होती.